मोजलेली माणसं

एप्रिलच्या सुरुवातीला, बर्फ नुकतंच वितळून अंगणात सगळा चिखल झालेला असताना, दारावर एक मुलगा आला. विशीतला असेल. वाऱ्याने नाक लाल झालेलं, हातात फोन, खांद्याला पत्रकांनी फुगलेली पिशवी. शिकागोजवळच्या आमच्या उपनगराची निवडणूक होती आणि तो कुणाचा तरी प्रचार करत होता. शेजारच्या घरी त्याने इंग्रजी पत्रक दिलेलं मी खिडकीतून पाहिलं होतं. आमच्या दारात मात्र त्याने आधी फोनमध्ये डोकावून आमचं आडनाव अडखळत वाचलं, हात जोडून ‘नमस्ते’ म्हणाला आणि पिशवीच्या दुसऱ्या कप्प्यातून वेगळं पत्रक काढलं. हिंदी आणि गुजराती मजकूर, कोपऱ्यात पणतीचं चित्र. मग अगदी मनापासून सांगितलं, या भागात तुमच्या समाजाची एवढी एवढी मतं आहेत, सगळी एकत्र पडली तर निकाल फिरेल. त्याने आकडाही सांगितला. मी आभार मानून दार लावलं आणि पत्रक हातात धरून तशीच उभी राहिले. राग आला होता, पण नेमका कशाचा ते कळत नव्हतं. मराठी घरात गुजराती पत्रक दिल्याचा नव्हता. कुणीतरी कुठेतरी बसून आमच्या आडनावावर बोट ठेवलं होतं आणि आम्हाला एका रकान्यात टाकलं होतं, त्याचा असावा.

बाबा, माझे सासरे, तेव्हा आमच्याकडे आलेले होते. सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत त्यांची सगळी नोकरी गेली. सोफ्यावर बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि त्यांचा चेहरा खुलला होता. म्हणाले, “अगं, यादीत आहात ना? मग झालं. यादीत नसतात त्यांच्या गल्लीत नळ येत नाही.” मग त्यांनी एका वस्तीची गोष्ट सांगितली. गावाच्या कडेला पन्नासेक घरं होती, कुणाच्याच मतदारयादीत नीट न आलेली. दर उन्हाळ्यात तिथल्या बायका घागरी घेऊन कचेरीत यायच्या, पायरीवर बसायच्या, संध्याकाळी उठून जायच्या. एका वर्षी कुणीतरी बसून त्यांची नावं नोंदवली आणि पुढच्या निवडणुकीच्या आत पाइप टाकला गेला. नावं नोंदवणारा माणूस काही साधू नव्हता, हेही त्यांनी सांगितलं. त्या पाइपाच्या कंत्राटात त्याचा हात होता. हे सांगताना बाबांच्या आवाजात ना कौतुक होतं ना तक्रार. पाऊस कधी पडला ते सांगावं तसं ते सांगत होते.

त्या रात्री मला हेसिंग आठवला.

अँटन कास्पर हेसिंग, एकोणिसाव्या शतकातला शिकागोचा जर्मन पुढारी. शिकागोत राहणाऱ्यांनाही हे नाव फारसं माहीत नसतं. मला ते सापडलं शहराच्या उत्तरेकडच्या ओल्ड टाउन या जुन्या वस्तीतल्या लाकडी घरांमुळे. कामासाठी शहरात जाते तेव्हा संध्याकाळच्या गाडीला वेळ असला की मी त्या गल्ल्यांत फिरते. सेंट मायकल्स चर्चचा उंच मनोरा सगळीकडून दिसतो, आणि ज्याला त्याच्या घंटा ऐकू येतात तो ओल्ड टाउनचा, असं तिथले लोक अजून म्हणतात. जर्मन कॅथलिकांनी बांधलेलं हे चर्च. १८७१च्या आगीत आतून जळालं, भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. त्याच्या आसपासच्या अरुंद रस्त्यांवर छोटी लाकडी घरं आहेत. समोरून जेमतेम दोन खिडक्यांची, उंच जिन्याची, त्रिकोणी छपराची. पिवळा, करडा, गडद हिरवा रंग दिलेली. पावसानंतर त्यांच्या फळ्यांना ओल्या लाकडाचा वास येतो, आपल्याकडच्या जुन्या माडीला येतो तसा. या शहराबद्दल ज्याला काहीही माहीत नाही त्यालाही एवढं माहीत असतं की शिकागो जळलं होतं आणि मग विटांचं, दगडाचं, लोखंडाचं झालं. मग आगीनंतर बांधलेली ही लाकडी घरं इथे कशी? या प्रश्नामागे मी गेले आणि हेसिंगपाशी पोचले.

आग ८ ऑक्टोबर १८७१च्या रात्री लागली आणि १० तारखेला पहाटेच्या पावसाने विझली. सुमारे ३०० माणसं गेली, एक लाखाच्या आसपास बेघर झाली. नदीच्या उत्तरेचा जवळजवळ सगळा भाग राख झाला, आणि उत्तरेला राहत होते मुख्यतः जर्मन. १८७०च्या जनगणनेत शिकागोची लोकसंख्या तीन लाखांच्या घरात होती, त्यातली सुमारे ५२ हजार माणसं जर्मन प्रदेशांत जन्मलेली. सुतार, चर्मकार, दारूभट्टीतले कामगार, शिंपी, सिगार वळणारे. यांच्यातल्या कितीतरी जणांनी पै पै साठवून एक गोष्ट केली होती. जमिनीचा छोटा तुकडा घेतला होता आणि त्यावर फळ्यांचं घर उभं केलं होतं. त्या घराच्या पुढच्या खोलीत भाडेकरू, मागे आपण, अंगणात कोबी. बँक बुडू शकते, मालक कामावरून काढू शकतो, तुकडा कुठे जात नाही. आगीत घर गेलं. विमा असला तरी विमा कंपन्याच डझनावारी बुडाल्या. राहिला तो राखेखालचा तुकडा.

मदत समितीने त्या हिवाळ्यात लाकडाची छोटी निवाऱ्याची घरं दिली. दोन मापं होती. लहान कुटुंबाला १२ फूट बाय १६ फूट, मोठ्याला १६ बाय २०. हे आकडे वाचल्यावर मी आमच्या बैठकीच्या खोलीत उभी राहून अंदाज घेतला. आमचा सोफा, टीव्ही आणि जेवणाचं टेबल जिथे मावतं तिथे पाच-सहा माणसं, चूल, कपडे, ओले बूट, आणि बाहेर मिशिगन सरोवरावरून येणारा जानेवारीचा वारा. पण हे घरही मिळायचं ते ज्याच्याकडे जागा आहे त्याला. ज्याच्याकडे नाही तो बराकीत. म्हणजे मदतीच्या हिशेबातसुद्धा तो तुकडाच माणसाला माणूस ठरवत होता.

आणि नेमका तोच हातातून निसटायची वेळ आली. नोव्हेंबरमध्ये जोसेफ मेडिल महापौर झाला. ‘शिकागो ट्रिब्यून’चा पूर्वीचा संपादक आणि भागीदार, आणि त्याच्या उमेदवार-यादीचं नावच ‘फायरप्रूफ’, म्हणजे आगीला न जुमानणारी. शहर पुन्हा जळू नये म्हणून शहराच्या हद्दीत लाकडी बांधकामाला पूर्ण बंदी घालायची, असा प्रस्ताव आला. कागदावर यात चुकीचं काय? तीन महिन्यांपूर्वी ज्यांनी गाव जळताना पाहिलं, त्यांना लाकूड नको वाटणं स्वाभाविक होतं. पण विटांचं घर लाकडाच्या घराहून कितीतरी महाग, आणि आगीनंतर वीट, गवंडी सगळ्यांचेच भाव चढलेले. सुताराने हिशेब केला की कळत होतं, विटांचं घर आपल्याला या जन्मी बांधता येणार नाही. मग जागा विकायची, ती घेणारा ठरलेला, आणि आपण पुन्हा कुणाच्या तरी चाळीत भाड्याने. बंदी आगीविरुद्ध होती, पण तिच्यात जमिनीची मालकी हलवायची ताकद होती. हे ज्याने चारचौघांत ओरडून सांगितलं तो हेसिंग.

त्याचा जन्म १८२३चा, उत्तर जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गमधल्या फेख्टा गावचा. आईवडील लवकर गेले. १८३९ साली, सोळा-सतरा वर्षांचा असताना, तो एकटा जहाजात बसून बाल्टिमोरला उतरला आणि तिथून सिनसिनाटीला गेला. किराणा दुकान, मग हॉटेल. १८५४ साली शिकागोला आला आणि विटांचा कारखाना काढला. होय, विटांचा. १८५७च्या मंदीत तो बुडाला. मग रिपब्लिकन पक्षाचं काम, शेरीफच्या कचेरीत नोकरी, आणि १८६० साली तो स्वतः कुक काउंटीचा, म्हणजे शिकागो ज्या जिल्ह्यात येतं त्याचा, शेरीफ म्हणून निवडून आला. १८६२मध्ये त्याने ‘इलिनॉय श्टाट्सत्साइटुंग’ या जर्मन वृत्तपत्रात भागीदारी घेतली आणि पाच वर्षांत अख्खं वृत्तपत्र त्याचं झालं. पोटासाठी जहाजात बसलेला अनाथ पोरगा अमेरिकेतल्या मोठ्या जर्मन वृत्तपत्रांपैकी एकाचा मालक होतो, ही गोष्ट सांगायला सोपी आहे. मला तिच्यातला दुसरा धागा महत्त्वाचा वाटतो. शेरीफ म्हणून हा माणूस घराघरांत शिरला होता. कर्ज थकलं की जप्ती न्यायची, घर रिकामं करून घ्यायचं, ही शेरीफच्या माणसांचीच कामं. घर जातं म्हणजे काय होतं, हे त्याने दाराच्या दुसऱ्या बाजूने पाहिलेलं असणार. आणि वृत्तपत्र म्हणजे यादी. कोणत्या रस्त्यावर अंक जातो, तिथे कोण राहतं, कशाने चिडतं, हे ज्याला रोज सकाळी कळतं त्याला वॉर्ड वेगळा मोजावा लागत नाही.

१५ जानेवारी १८७२ला संध्याकाळी उत्तर भागातून मोर्चा निघाला. हजारोंनी माणसं होती, बहुतेक जर्मन कामगार, आणि पुढे हेसिंग. बँड होता, मशाली होत्या. कष्टकऱ्याला घर राहू द्या, उत्तरेला ही बंदी नको, अशा अर्थाचे फलक होते. शहराची सभा चालू होती तिथे गर्दी घुसली, खिडक्यांवर विटा-दगड गेले, सभा मोडली. दुसऱ्या दिवशी इंग्रजी वृत्तपत्रांनी हा जमाव असल्याचं लिहिलं. परक्या भाषेत आरडाओरडा करणारा, कायदा न मानणारा, आपल्या शहरावर चालून आलेला. मला या मोर्च्याचं वर्णन वाचताना छातीत धडधडलं होतं. त्या रात्रीच्या थंडीत, ज्यांची घरं तीन महिन्यांपूर्वी जळाली ती माणसं हातात मशाली घेऊन चालतायत, लाकडाचं घर बांधायचा हक्क मागायला. या दृश्याकडे कुठल्या बाजूने पाहायचं? समोरच्या बाकांवरचे लोक आगीला घाबरलेले होते आणि त्यांचं भय खोटं नव्हतं. मोर्चातले लोक बेघर होण्याला घाबरलेले होते आणि तेही खोटं नव्हतं. मी बराच काळ दोन्ही बाजूंना माझ्या मनात जागा देऊन पाहिली. आता मी मोर्चाच्या बाजूची आहे. शहर सुरक्षित करायचा सगळा खर्च ज्यांच्याकडे सगळ्यांत कमी होतं त्यांनीच उचलावा, असा तो प्रस्ताव होता. विटांना पैसे द्या, कर्ज द्या, मुदत द्या, असं काहीच त्यात नव्हतं.

शेवटी तडजोड झाली. उत्तरेचा बराचसा भाग बंदीतून वगळला गेला. ओल्ड टाउनमधली ती घरं त्या तडजोडीच्या काळातली.

मी हे बाबांना दुसऱ्या दिवशी चहाबरोबर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, “मग पुढच्या निवडणुकीत तो स्वतः उभा राहिला का?” नाही, म्हटलं, दुसऱ्याला उभं केलं. त्यांनी मान हलवली. अशी माणसं त्यांनी पाहिली होती.

पुढची निवडणूक रविवारवरून झाली. आठवड्याचे सहा दिवस, रोज दहा-बारा तास काम करणाऱ्या माणसाचा रविवार. जर्मन कुटुंबं त्या दिवशी बायकामुलांसकट बिअर गार्डनमध्ये जायची. झाडाखाली लांब बाकं, पितळी वाद्यांचा बँड, मुलं पायात घोटाळतायत, म्हातारे पत्ते खेळतायत, आणि टेबलावर बिअर. मूळच्या अमेरिकन प्रॉटेस्टंटांना हे बघवत नसे. त्यांचा रविवार चर्चचा, शांततेचा. रविवारी गुत्ते बंद ठेवायचा नियम शहराच्या पुस्तकात जुना होता, पण कुणी फारसा पाळत नव्हतं. यावरून एकदा शहरात गोळीही चालली होती. १८५५ साली लिव्हाय बून या महापौराने गुत्त्याच्या परवान्याची फी ५० डॉलरवरून ३०० डॉलर केली, रविवारचा नियम लावला, आणि उत्तरेकडून चालून आलेल्या जर्मनांना अडवायला नदीवरचा क्लार्क स्ट्रीटचा पूल फिरवून बाजूला केला. म्हणजे शहराच्या आठवणीत हे सगळं ताजं होतं. तरी १८७२-७३मध्ये धर्मनिष्ठ प्रतिष्ठितांच्या दबावाखाली मेडिलने तोच नियम पुन्हा बाहेर काढला.

हेसिंगने त्यावर जे केलं त्यासाठी डोकं लागतं. जर्मन एकटे जिंकणार नाहीत, हे त्याला गणिताने माहीत होतं. आयरिश लोक जर्मनांना आवडत नसत, आयरिशांना जर्मन आवडत नसत. त्यांच्यातल्या कॅथलिकांचीही चर्चं बहुतेक वेगळी. पण गुत्ते दोघांचेही होते, रविवार दोघांचाही होता. हेसिंगने डॅनियल ओ’हारा या आयरिश पुढाऱ्याशी हातमिळवणी केली आणि ‘पीपल्स पार्टी’ उभी केली. मेडिल तोवर कंटाळून युरोपला निघून गेला होता. नोव्हेंबर १८७३मध्ये या पक्षाचा हार्वी कोल्विन दहा हजारांहून जास्त मताधिक्याने महापौर झाला. पुढच्या वसंतात नियम बदलला. गुत्ते रविवारी उघडे ठेवा, फक्त रस्त्याकडची दारं-खिडक्या झाकून घ्या. ही अट मला फार खरी वाटते. तुम्ही जे आहात ते राहा, पण आम्हाला दिसू नका. आमच्या घरी पहिल्या वर्षांत फोडणी देताना आम्ही थंडीतही खिडकी उघडायचो आणि जिन्यातल्या वासाने शेजारी काही म्हणतील का म्हणून कान टवकारायचो. कुणी कधी काही म्हटलं नाही. तरी ते दिवस अंगातून गेलेले नाहीत.

इथपर्यंत मी हेसिंगबरोबर चालते. यापुढे माझी पावलं जड होतात.

कारण कोल्विन निवडून यायच्या आधीच, सप्टेंबर १८७३मध्ये मोठी मंदी आली होती. त्या डिसेंबरात बेकार कामगारांचे मोर्चे शहराच्या सभेवर गेले. काम द्या नाहीतर भाकरी द्या. त्यांत जर्मन भरपूर होते, आदल्याच महिन्यात पीपल्स पार्टीला मत दिलेले. जो पक्ष त्यांच्या रविवारासाठी उभा राहिला, त्याच्याकडे त्यांच्या सोमवारासाठी काही नव्हतं. आपल्या भाषेचा, आपल्या बिअरचा, आपल्या बँडचा माणूस सत्तेत आला म्हणून पोट भरत नाही, हे ज्या जर्मन कामगारांना त्या हिवाळ्यात कळलं, त्यांनी आपले वेगळे पक्ष काढले, वेगळी वृत्तपत्रं काढली. ‘आर्बायटरत्साइटुंग’ त्यातलंच. मे १८८६मध्ये आठ तासांच्या दिवसासाठीचा संप आणि हेमार्केट चौकातला बॉम्ब यांच्यानंतर ज्यांना फाशी झाली, त्यांच्यातला ऑगस्ट श्पीस या वृत्तपत्राचा संपादक होता. १ मे हा महाराष्ट्र दिन म्हणून आणि कामगार दिन म्हणून एकाच झेंड्याखाली साजरा करत मी मोठी झाले. त्या तारखेची मुळं या शहरातल्या या जर्मन गल्ल्यांत आहेत, हे मला इथे येऊन कित्येक वर्षांनी कळलं. आणि त्या प्रसंगात हेसिंगचं ‘श्टाट्सत्साइटुंग’ श्पीसच्या बाजूला नव्हतं, विरोधात होतं. मोर्च्याच्या पुढे मशालींबरोबर चाललेल्या माणसाचं वृत्तपत्र चौदा वर्षांनी दुसऱ्या मोर्च्याला जमाव म्हणत होतं. याचं मला खरंच दुःख होतं.

लाकडी घरांचंही पुढे तेच झालं. १४ जुलै १८७४ला शहरात पुन्हा मोठी आग लागली. या वेळी ती दक्षिणेला लागली, जर्मनांच्या उत्तर भागात नाही. आठशेच्या आसपास इमारती जळाल्या. विमा कंपन्यांनी शहरातून काढता पाय घ्यायची धमकी दिली आणि कोल्विनच्याच कारकिर्दीत लाकडी बांधकामाची बंदी अख्ख्या शहराला लागू झाली. म्हणजे मशाली घेऊन मिळवलेली सवलत जेमतेम अडीच वर्षं टिकली. पण त्या अडीच वर्षांत ज्यांनी घरं बांधली त्यांची बांधून झाली होती. त्यांच्या जागा त्यांच्याच राहिल्या. कुणी मला विचारलं, त्या मोर्च्याने काय साधलं, तर मी त्याला त्या गल्ल्यांत घेऊन जाईन.

आणि मग १८७६. सरकारी अबकारी कर चुकवून दारू विकायची, मोजमाप करणाऱ्या अधिकाऱ्यांना पैसे चारायचे, आणि त्यातला वाटा पक्षाच्या कामात आणि खिशात जायचा, अशी मोठी साखळी सेंट लुईस, मिलवॉकी, शिकागो इथे आदल्या वर्षी उघडकीला आली होती. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या अर्थमंत्र्याने धाडी घातल्या होत्या. शिकागोत जे अडकले त्यांच्यात हेसिंग होता. त्याला शिक्षा झाली आणि तो तुरुंगात गेला. ज्या काउंटीचा तो एकेकाळी शेरीफ होता, तिथेच. मुदत संपायच्या आत माफी मिळून सुटला. त्याच्या बाजूने बोलणारे तेव्हाही होते. पण मी त्याला सोडवायला जाणार नाही. पाइपाच्या कंत्राटात हात असलेला माणूस आणि दारूच्या करात हात असलेला माणूस यांच्यात नातं आहे. नावं नोंदवणं हे दोघांचंही खरं काम होतं, आणि त्या नोंदवलेल्या नावांना आपली मालमत्ता समजणं हेही दोघांनी केलं. बाबा याला व्यवहार म्हणतात. मला तो शब्द पुरत नाही. त्या वस्तीतल्या बायकांना पाणी मिळालं ते त्यांच्या हक्काचं होतं. त्यासाठी त्यांनी जन्मभर कुणाचं देणेकरी का व्हावं?

तुरुंगातून सुटलेला हेसिंग संपला नाही, हेही सांगितलं पाहिजे. म्हातारपणी त्याने एक अशी गोष्ट केली जिच्यासमोर मी नम्र होते. शिकागोत जर्मन नाटकांना, संगीताला स्वतःचं घर हवं म्हणून त्याने पुढाकार घेतला, पैसा उभा केला, आणि आडलर व सलिव्हन या वास्तुकारांकडून रँडॉल्फ स्ट्रीटवर शिलर थिएटरची उंच इमारत बांधून घेतली. १८९२ साली ती उघडली. दर्शनी भागावर भाजक्या मातीत घडवलेले जर्मन कवी-विचारवंतांचे चेहरे होते. ज्याने आयुष्यभर माणसं मोजली त्याने शेवटी त्यांच्यासाठी एक जागा बांधली, आणि तिथे तिकीट काढून कुणीही बसू शकत होतं. १८९५मध्ये हेसिंग वारला. पुढे थिएटर जर्मनांच्या हातून गेलं, नाव बदलून गॅरिक झालं. लोकांनी निदर्शनं केली तरी १९६१मध्ये ते पाडलं गेलं आणि तिथे गाड्या लावायची इमारत उभी राहिली. रिचर्ड निकेल नावाच्या छायाचित्रकाराने आणि त्याच्या सोबत्यांनी पाडकाम चालू असताना जे जे वाचवता आलं ते वाचवलं. त्यातले काही मातीचे चेहरे ओल्ड टाउनमध्ये वेल्स स्ट्रीटवर, विनोदी नाटकांच्या एका प्रसिद्ध थिएटरच्या कमानींवर बसवलेले आहेत. त्यांच्याखाली शुक्रवारी रात्री तरुण मुलांची रांग लागते. लाकडी घरं तिथून चालत काही मिनिटांवर.

हेसिंगला एक मुलगा होता. सिनसिनाटीत १८४९ साली जन्मलेला. फेख्टाहून आलेल्या या जर्मन माणसाने मुलाचं नाव काय ठेवलं, तर वॉशिंग्टन. वॉशिंग्टन हेसिंग येल विद्यापीठात शिकला, तरुणपणीच शहराच्या शाळा मंडळावर गेला, वडिलांचं वृत्तपत्र चालवलं, शिकागोचा पोस्टमास्टर झाला. दोन्ही भाषांत तितक्याच सहजतेने भाषण देणारा, रीतसर, देखणा माणूस. जे बापाला कधी मागता आलं नाही ते त्याने मागितलं, महापौरपद. १८९७ साली तो अपक्ष उभा राहिला. तेव्हा शहरात स्वतः जर्मनीत जन्मलेले किंवा आईवडिलांपैकी कुणी तिथे जन्मलेलं असे लोक मोजले तर ते चारातले एक भरत होते. एवढी मतं त्याच्या बापाला १८७३मध्ये स्वप्नातही दिसली नसती. निकालात वॉशिंग्टन हेसिंग चौथा आला, फार मागे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो वारला.

या निकालाबद्दल मी बाबांशी बोलले ते विमानतळावर त्यांना सोडायला जाताना. ते म्हणाले, मुलाला वॉर्ड राखता आला नाही. मला तसं वाटत नाही. १८९७पर्यंत जर्मन माणूस एका रकान्यात मावेनासा झाला होता. कुणी कॅथलिक, कुणी ल्युथरन, कुणी समाजवादी, कुणी दारूभट्टीचा कोट्यधीश, कुणाची पोरं घरातही इंग्रजीत बोलणारी. रस्त्यांना पथदिवे, मुलांच्या शाळा, ट्रामचं भाडं, यांवर त्यांची मतं एकमेकांशी जुळत नव्हती आणि जुळायची गरजही उरली नव्हती. हेसिंग या आडनावावर मत मागायला आलेल्या माणसाला त्यांनी बाकीच्या उमेदवारांसारखंच पाहिलं, पारखलं आणि नाकारलं. हे स्वातंत्र्य त्यांना ज्यांनी मिळवून दिलं त्यांच्यात त्याच्या बापाचाही वाटा होता. बाबांना हे पटलं नाही. ते म्हणाले, एकत्र नसलात की पुढच्या वेळी पूल कुणी फिरवला तर काय कराल? वीस वर्षांनी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, याच शहरात जर्मन नावांच्या संस्थांना आपली नावं बदलावी लागली, जर्मनिया क्लबने लिंकन क्लब असं नाव घेतलं, हे मला माहीत होतं. त्या वेळी त्यांच्यासाठी मोर्चा काढणारा कुणी हेसिंग नव्हता. मी गाडी चालवत होते आणि माझ्याकडे बाबांच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पुढच्या निवडणुकीत तो मुलगा पुन्हा आला तर मी त्याला आत बोलावणार आहे, चहा देणार आहे, आणि त्याचा उमेदवार शाळेच्या बजेटबद्दल आणि आमच्या रस्त्यावरच्या तुंबणाऱ्या गटाराबद्दल काय म्हणतो ते विचारणार आहे. आकडाही विचारीन. तो आता किती झालाय, हे मला माहीत असायला हवं आहे.